डॉक्टरीणबाईंचा परवाना

परवा एका शोकसभेला गेलो होतो. गेलेल्या गृहस्थांबद्दल बोलताना एकजण गहिवरून म्हणाले, "शेवटी फार हाल झाले, पण चकार शब्द काढला नाही. फार सोशिक माणूस." सगळ्यांनी माना डोलावल्या. मी मात्र उगाचच दाराकडे बघितलं. वाटलं, आता सोनईच्या डॉक्टरीणबाई आत येतील, छत्री भिंतीला टेकवतील आणि भर सभेत विचारतील, "ते सोसत होते तेव्हा तुम्ही सगळे काय करत होतात?"

बाई असत्या तर त्यांनी विचारलंच असतं. त्यांना स्थळकाळ कधी कळलाच नाही, आणि त्याबद्दल मी त्यांचा आजन्म ऋणी आहे.

मी तेव्हा दारूबंदी खात्यात सब-इन्स्पेक्टर होतो. मोठ्या दुष्काळाच्या आदल्या साली माझी नेमणूक नेवासे तालुक्यात झाली. काम म्हणजे हातभट्ट्या शोधायच्या, ओढ्याकाठच्या वाळूत पुरलेले रसायनाचे डबे काठीनं टोचून काढायचे, आणि अंगाला आंबूस वास घेऊन घरी जायचं. पण आमच्या खात्याकडे आणखी एक काम असे, ज्याची बाहेरच्या लोकांना कल्पना नसे. मॉर्फिन हे अफूपासून बनणारं औषध. कॅन्सरसारख्या दुखण्यात दुसरं काही चालेनासं झालं की तेवढं एक चालतं. पण ते ठेवायचं तर डॉक्टरलाही परवाना लागे, आणि तो परवाना आमच्या खात्याचा. किती आणलं, कोणाला दिलं, किती उरलं हे सगळं तपासायला आम्ही जायचो. इतका व्याप कोण करणार? म्हणून बहुतेक डॉक्टर मॉर्फिनचं नावच काढत नसत. माझ्या हद्दीत असा परवाना एकाच दवाखान्याकडे होता, डॉ. शरयू देवचके यांच्याकडे. गावात त्यांना या नावानं कोणी ओळखत नसे. त्या डॉक्टरीणबाई.

चार्ज देताना माझ्या आधीचे गृहस्थ म्हणाले, "दाते, भट्टीवाले परवडले. बाईंकडे जाताना मात्र जेवून जा. लवकर सोडत नाहीत."

मी जेवून गेलो. खाकी ड्रेस, टोपी काखेत, बरोबर शिपाई. दवाखाना म्हणजे सोनईच्या बाजारपेठेतल्या दोन खोल्या आणि बाहेर एक लांब बाक. बाई पन्नाशीच्या, ठेंगण्या, जाड भिंगांचा चष्मा, पांढरं सुती पातळ आणि मनगटावर पुरुषी घड्याळ. त्यांनी मान वर न करता सांगितलं, "बाकावर बसा. तुमच्या आधी बरीच माणसं आहेत."

"मी तपासणीला आलोय," मी म्हणालो.

"मग तर घाई नसेलच. औषध कुलपात आहे, पळून जात नाही."

मी बसलो. काय करणार? थोड्या वेळानं आतून हाक आली, "ओ खाकीवाले, जरा या इकडे." एका पोराच्या मांडीवरचं गळू फोडायचं होतं आणि पाय धरायला माणूस नव्हता. मी टोपी खिडकीत ठेवली आणि पाय धरला. सरकारी नोकरीतली माझी ती पहिली तपासणी. पोरानं मला दोन लाथा घातल्या. मग बाईंनी हात धुतले, कपाट उघडलं आणि म्हणाल्या, "हं, आता विचारा." विचारायला काही उरलंच नाही. सगळं इतकं चोख होतं की माझ्या आधीच्या गृहस्थांनी केलेल्या बेरजेच्या चुकीवरसुद्धा त्यांनी पेन्सिलीनं खूण करून ठेवली होती.

निघताना मी काहीतरी बोलायचं म्हणून बोललो, "एकाच खात्याकडे दारू आणि औषध, गंमतच आहे."

"गंमत कसली?" बाई म्हणाल्या. "दारू पिऊन माणूस घरातून उठतो. माझं औषध घेऊन तो घरात परत येतो. तुम्ही दोन्हीकडे जाता, तर फरक बघून ठेवा."

मला तेव्हा नीटसं कळलं नाही. पुढे कळलं.

बाईंचं बोलणं असं तोडून टाकणारं असलं तरी माणूस मोठा रसिक. त्यांना रहस्यकथांचा भयंकर नाद. वाड्या-वस्त्यांवरून बैलगाडी बोलवायला आली की बाई गाडीत मागं तोंड करून बसत, कारण बैलांकडे तोंड केलं की त्यांना मळमळे. मांडीवर बॅग आणि हातात रहस्यकथा. त्यातही शेवटचं पान आधी वाचायचं. मी एकदा म्हणालो, "अहो, मग उरलं काय?" तर म्हणाल्या, "शेवट ठाऊक असला की मधलं नीट वाचता येतं." खिशाऐवजी कमरेला एक पिशवी, तिच्यात बाजारातली गोडी शेव. ती पोरांनाही देत, म्हाताऱ्यांनाही देत आणि कोणी बघत नसलं की स्वतःही खात. स्वयंपाकाच्या नावानं सगळा आनंद. एकदा त्यांनी मला आग्रहानं पोहे खायला घातले. मी सरकारी नोकर असल्यामुळे सोसले.

पण 'सोसणं' हा शब्द त्यांच्यासमोर काढायची सोय नव्हती. पेशंटची सून किंवा मुलगा कौतुकानं म्हणायचा, "लई सोशिक हाय आमची आई. दात आवळून पडती, पन हूं म्हनत न्हाई." की बाई उसळल्याच. "सोशिकपणाचं सर्टिफिकेट मी देत नाही. ते हवं असेल तर तलाठ्याकडे जा. मला काय होतंय ते सांगा."

आणि 'दुखतंय' एवढं सांगून चालत नसे. ठणकतंय का? कळ येते का? आग होते की ओढ लागते? चमकतं, टोचतं, की नुसतं जड वाटतं? अंगठा उठवणारी खेड्यातली म्हातारी आधी गोंधळायची, मग डोळे मिटून विचार करायची आणि अगदी नेमकं सांगायची, "दिवसा ठनकतंय, बाई. राती कुनी पिळा घातल्यावानी हुतंय." बाई ते जसंच्या तसं लिहून घेत. मला ते बघायला फार आवडे. आयुष्यभर ज्या बाईला कोणी काही विचारलं नव्हतं, तिला कोणीतरी तिच्या दुखण्याबद्दल मन लावून विचारत होतं, आणि ती उत्तर देताना जरा ताठ होऊन बसे.

नातेवाइकांची दुसरी भीती सवयीची. अफूच ती, तिची चटक लागली तर? एका वस्तीवर मी हजर होतो तेव्हाची गोष्ट. म्हातारा आठ-पंधरा दिवसांचा सोबती, आणि मुलगा काळजीनं विचारतोय, "बाई, दादांना सवय लागली तर वं?" बाईंनी त्याच्याकडे आणि माझ्याकडे बघितलं. "लागली तर हे दारूबंदीचे साहेब आहेतच. म्हातारा खाट घेऊन गुत्त्यावर निघाला की पकडतील." मुलगा हसला, सून पदराआड हसली. मग खाटेवरचा म्हाताराही हसला, आणि त्याच्या हसण्याला बरेच दिवस झाले असावेत, कारण घरातली सगळी माणसं त्याच्याकडेच बघायला लागली.

हा परवाना त्यांनी कसा मिळवला ती कथा मला नगरच्या ऑफिसातल्या हेडक्लार्कनं सांगितली. तो सांगताना कपाळाला हात लावी. बाई सकाळच्या एसटीनं नगरला यायच्या, ऑफिसच्या बाकावर बसायच्या, दुपारी डबा खायच्या, रहस्यकथा वाचायच्या आणि संध्याकाळी परत जायच्या. पुन्हा आल्याच. ऑफिस म्हणायचं, गावात कशाला असलं औषध? पेशंट नगरला मोठ्या दवाखान्यात पाठवा. बाई म्हणायच्या, "पाठवते की. ज्याला कूस बदलता येत नाही त्याला घोडेगावच्या खड्ड्यांतून एसटीनं तुम्ही आणून दाखवा, मग पाठवते." शेवटी तेव्हाच्या साहेबांनी त्यांना आत बोलावून समजावलं, "बाई, कायद्याची मनाई आहे हो." बाईंनी शांतपणे विचारलं, "औषध देऊ नये असं कुठे लिहिलंय ते दाखवा. परवान्याशिवाय देऊ नये, असं लिहिलंय. मी परवानाच मागतेय." साहेबांनी पुस्तक काढलं, वाचलं, चष्मा पुसून पुन्हा वाचलं. कायदा अडवण्यासाठी आहे अशी आम्हां सगळ्यांची इतकी खात्री होती, की तो देण्यासाठीही असू शकतो हे कोणी वाचलंच नव्हतं. परवाना निघाला.

म्हणून बाईंना त्या परवान्याचा अभिमान होता. नियम त्या आमच्यापेक्षा कडक पाळत. आमच्या जिल्ह्याच्या साहेबांचा दंडक असा होता की इंजेक्शनच्या रिकाम्या काचेच्या नळ्यासुद्धा फेकायच्या नाहीत. तपासणीला आम्ही त्या मोजायच्या आणि आमच्यासमोर फोडायच्या. औषध दिलं म्हणून सांगून भलतीकडे विकलं नाही, याचा तो पुरावा. बाईंची एकही नळी कधी कमी भरली नाही.

आणि मग तान्हाबाईंचं प्रकरण झालं.

तान्हाबाई म्हणजे सोनईच्या बाहेर मळ्यात राहणारी, सत्तरीची, चांगल्या बागायतदाराच्या घरची म्हातारी. मुलगा महादू, सून गजराबाई. कॅन्सर हाडात उतरला होता. बाईंचं औषध सुरू झाल्यावर म्हातारी खाटेवर उठून बसायला लागली, सुनेच्या भाकरीला नावं ठेवायला लागली. गजराबाई मला म्हणाली होती, "साहेब, सासू बोलाय लागली तवा मला रडूच आलं. आधी मला मुक्यानं त्यांची बोलनी खायाची सवय, मंग ती गपच झाली हुती ना." बाई सकाळ-संध्याकाळ स्वतः जात. वेळेआधी जात. दुखणं परत यायची वाट बघायची नाही, हा त्यांचा शिरस्ता.

या तान्हाबाईंना त्या रिकाम्या नळ्यांचं भारी अप्रूप. उजेडात धरून बघायची. बाई नळी उचलून नेऊ लागल्या की म्हणायची, "ऱ्हाऊ द्या की वं. मी मोजती. येवढ्या येळा बाई आली, आसं कळतंय मला." बाईंनी आयुष्यात कोणाच्या हट्टाला भीक घातली नाही, पण इथे त्या विरघळल्या. चहाच्या पत्र्याच्या डबीत नळ्या साठवायच्या आणि डबी म्हातारीच्या उशाशी. संपल्यावर न्यायची, असं त्यांनी ठरवलं. 'संपल्यावर' म्हणजे काय ते म्हातारीलाही माहीत होतं. ती डबी हलवून खुळखुळ वाजवायची आणि हसायची.

म्हातारी गेली. झोपेत, सुनेचा हात धरून गेली.

त्यानंतर काही दिवसांनी मी सकाळी तपासणीला पोचलो. बाई दारातच उभ्या होत्या. "दाते, नळ्या कमी आहेत," त्यांनीच सांगितलं. "तान्हाबाईंच्या सगळ्या. सुतकातल्या घरी डबी मागायला जाणं मला बरं वाटलं नाही. दहावा झाल्यावर गेले, तर डबी नाही."

एखाद-दुसरी नळी असती तर निभावलं असतं, ही तर डबीभर. नियमानं कपाटाला सील करायचं आणि नगरला कळवायचं. निर्णय लागेपर्यंत परवाना बंद. आमच्याकडचे निर्णय कसे लागतात ते मला ठाऊक होतं, आणि त्याच वेळी गावात कोण खाटेवर आहे तेही ठाऊक होतं. तालमीचे गणपत वस्ताद. सोनईच्या आसपास ज्यांनी लंगोट बांधला त्यांतला निम्मा भरणा वस्तादांच्या हाताखालून गेलेला. त्यांच्या मांडीच्या हाडात तोच आजार होता. पहाटेचं इंजेक्शन त्यांना मिळालं होतं. दुपारचं आता त्या कपाटात होतं.

बाईंचा कंपाउंडर भानुदास मला ऐकू जाणार नाही अशा बेतानं पुटपुटला, "बाई, नगरच्या मोठ्या दवाखान्यात असल्या नळ्यांचा ढीग पडतो. माझा मेव्हणा तिथंच हाय. दुपारपर्यंत डबी भरून आनतो."

"भानुदास, साहेबांना ऐकू येतं," बाई म्हणाल्या. "आणि मलाही. एकदा खोट्या नळ्या दाखवल्या की उद्या माझ्या खऱ्या नळ्यांवर कोण विश्वास ठेवील?" मग माझ्याकडे वळल्या. "सील करा."

"बाई, वस्ताद..."

"मला ठाऊक आहे. म्हणूनच लवकर करा. नियम पाळला नाही असं कोणी म्हणता कामा नये. मग मळ्यात जाऊ, आणि मग मला नगरला घेऊन चला."

मी लाख तापवली आणि कपाटाला सील ठोकलं. बाईंनी ते ओढून बघितलं.

मळ्यात महादू ओट्यावर बसला होता. दहाव्याला केलेलं डोकं अजून तुळतुळीत होतं. मी डबीचं विचारलं तर तो चाचरला, बायकोकडे बघायला लागला. बाई म्हणाल्या, "महादू, खरं सांग. मी रागावत नाही." त्या रागावत नाहीत यावर त्याचा विश्वास बसला नसावा, पण त्यानं सांगितलं.

"दहाव्याला प्रवरासंगमावर गेल्तो, बाई. पिंड ठिवला, पन कावळा शिवंना. कावळे हुते, झाडावर बसून बघत हुते. मी म्हनलं, आई, बहिनीला दिवाळीला आनीन. न्हाई आला. म्हनलं, गजरीला बोलनार न्हाई. न्हाई आला. मामा म्हनले, तिची ती कपिला गाय इकू नको म्हन. ते बी म्हनलं. ऊन डोक्यावर आलं, पन एक कावळा हालंना. मंग गजरी म्हनली, त्या डबीत जीव अडकला आसंल त्यांचा. आईची वाकळ-लुगडी सोडायला नेली हुती, त्या गाठोड्यात हुती डबी. मी नळ्या काढून पिंडाच्या म्होरं मांडल्या. म्हनलं, आई, ह्या बी घिऊन जा, तितं दुखलं तर आसू द्या..."

पुढचं गजराबाईनं पुरं केलं. "मंग सगळं डोहात सोडलं, बाई. आमाला काय म्हाईत त्या सरकारच्या हायेत म्हून?"

बाई चष्मा पुसत होत्या. जरा जास्तच वेळ पुसत होत्या. मग नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "दाते, पंचनामा करा."

मी पंचनामा केला. मामा आणि दहाव्याला हजर असलेले शेजारचे एक पाटील पंच झाले. हातभट्टीचे शेकडो पंचनामे मी लिहिले असतील, पण 'सदरहू रिकाम्या नळ्या मयताची इच्छा समजून पिंडासमोर मांडण्यात आल्या' असं वाक्य लिहायची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती. महादू स्वतःच म्हणाला, "म्या बी येतो नगरला. माझ्यापायी झालंय." आम्ही तिघं दुपारच्या एसटीत बसलो. बाईंनी त्या दिवशी पुस्तक काढलं नाही. त्या घड्याळाकडे बघत होत्या. वस्तादांची वेळ टळून गेली होती.

नगरचे आमचे नवे साहेब कडक. हसत नसत. त्यांनी आम्हाला उभंच ठेवलं आणि विचारलं, "नळ्या पेशंटच्या घरी कशा राहिल्या?"

"मी ठेवल्या," बाई म्हणाल्या. "नियम मला ठाऊक होता. म्हातारीला बरं वाटत होतं म्हणून मोडला. चूक माझी आहे."

"परवाना रद्द होऊ शकतो, कल्पना आहे?"

"आहे. मला काय शिक्षा करायची ती करा, मी भोगते. पण साहेब, सील माझ्या कपाटाला लागलेलं नाही. ते गणपत वस्तादांच्या मांडीला लागलंय. त्यांनी कोणता नियम मोडला?"

साहेब पंचनामा वाचायला लागले. एक पान वाचलं, दुसरं वाचलं. मी साहेबांच्या चेहऱ्याकडे बघत होतो. काही कळेना. मग त्यांनी कागद खाली ठेवला, महादूच्या तुळतुळीत डोक्याकडे बघितलं आणि हळूच विचारलं,

"शिवला का मग?"

"लगीच, साहेब!" महादू हात जोडून म्हणाला. "मी नळ्या मांडून मागं सरतोय तवर झडप!"

साहेबांनी मान हलवली. पेन काढलं आणि पंचनाम्याखाली लिहिलं, रिकाम्या नळ्या पंचांसमक्ष नष्ट झाल्याचे दिसून येते, सील काढावे. बाईंना म्हणाले, "यापुढे नळी तिथल्या तिथे परत आणायची."

"नियम तोच आहे. पुन्हा मोडणार नाही."

"आणि बाई, दुसऱ्या तालुक्यांतून असा परवाना कोणी मागत कसं नाही?"

"मागतील," बाई म्हणाल्या. "तुम्ही त्यांना बाकावर बसवू नका म्हणजे झालं."

साहेब हसले. ते हसलेले मी पाहिले आहेत, असं मी पुढे ऑफिसात सांगितलं तर कोणाचा विश्वास बसला नाही.

परतीच्या एसटीत मला बसवेना. ह्या बाई माझ्या हद्दीतल्या आहेत, हा परवाना माझ्या खात्यानं दिलेला आहे, असं गाडीतल्या प्रत्येकाला सांगावं इतका अभिमान मला वाटत होता. अजूनही वाटतो. सोनईला उतरलो तेव्हा दिवेलागण होत होती. मी धावत जाऊन सील तोडलं, बाईंनी औषध घेतलं आणि आम्ही वस्तादांच्या गल्लीत शिरलो.

तालमीची पोरं, जुने पैलवान, सगळे त्यांच्या घरासमोर ओळीनं उकिडवे बसले होते. आत वस्ताद भिंतीकडे तोंड करून पडले होते. खाटेची लाकडी कड त्यांनी मुठीत अशी धरली होती की बोटं पांढरी पडली होती. हूं की चूं नाही. उभ्या जिल्ह्यातल्या फडांत ज्याची पाठ लागली नाही तो माणूस अजून कुस्ती करत होता, एकटा.

"वस्ताद, उशीर झाला. माझ्यामुळे झाला," बाई म्हणाल्या आणि इंजेक्शन दिलं. मग खाटेशेजारी जमिनीवर बसल्या. तोंडाकडे त्यांनी बघितलंच नाही. त्या मुठीकडे बघत होत्या. बराच वेळ गेला. वस्तादांची बायको दाराशी उभी राहून काहीतरी पुटपुटत होती. मग एक बोट सुटलं. दुसरं सुटलं. मूठ उघडली आणि हात खाटेवरून खाली लोंबला, लहान मुलाचा झोपेत लोंबतो तसा. बाईंनी तो उचलून त्यांच्या छातीवर ठेवला.

वस्तादांनी डोळे उघडले. "भूक लागलीया," ते म्हणाले.

त्यांची बायको पुढे आली, बाईंच्या पायाशी वाकली. बाईंनी तिला दंडाला धरून उभं केलं. "पाया कसल्या पडता? त्यांना काय खायचंय ते विचारा."

"तिखट चालंल का वं, बाई?"

"मला काय विचारता? त्यांना विचारा."

आणि खाटेवरून, तालमीत शड्डूच्या आवाजावरही ऐकू जायचा तो आवाज आला, "इचारतीस काय? लसनाचा ठेचा कर! चांगला तिखट!"

बाहेरची पोरं तो आवाज ऐकून ताडकन उभी राहिली. ओळच्या ओळ. काहींनी सवयीनं मातीला हात लावून कपाळाला लावला. दारातून बाई बाहेर आल्या, रिकामी नळी रुमालात गुंडाळून कमरेच्या पिशवीत टाकत. ती सगळी पैलवान माणसं हात जोडून उभी होती आणि बाई त्यांच्या खांद्यालाही पुरत नव्हत्या.

पुढच्याच आठवड्यात माझी कोपरगावला बदली झाली. तिथल्या साखर कारखान्यांची, जिच्यापासून दारू गाळतात ती मळी मोजण्यात माझी पुढची वर्षं गेली आणि बाईंना मी पुन्हा भेटू शकलो नाही. त्यांचं मला झालेलं शेवटचं दर्शन त्या गल्लीतलं आहे. आत पाट्यावर लसूण-मिरची वाटायला सुरुवात झाली होती, तिचा ठसका गल्लीभर पसरला होता, बाईंना शिंकांवर शिंका येत होत्या, आणि त्या डोळे पुसत त्या उंच माणसांमधून वाट काढत होत्या. "सरका, सरका," त्या म्हणत होत्या. "पहाटे मला परत यायचंय."